उशीच्या भावात पलंग

धाकट्याच्या पँटा मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे तपासायचे, हा त्या घरातला पहिला नियम होता. एकदा धाकटी विसरली, तर मशीनच्या पोटात लोखंड असं खणखणलं की खालच्या वर्कशॉपमधून थोरल्या भाऊजींनी ग्राइंडर बंद करून विचारलं, "काय गं, पलंग धुतेयस का?" खिशातून निघायची ती लाल पिन. बोटाएवढी लांब, बोटाएवढीच जाड, टोकाला ओढायला कडी. धाकटी ती पुसून खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि डबा भरला की खाली नेऊन द्यायची.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून, धाकटा तिचा नवरा. थोरले भाऊजी त्याचा मोठा भाऊ. त्यांची बायको कधीच सोडून गेली होती. कर्ज, लोखंड आणि भाऊ या तीन गोष्टींपलीकडे त्यांना संसार उरला नव्हता. वर घर, खाली वर्कशॉप, आणि वर्कशॉपमध्ये एकच वस्तू बनायची: कूस बदलणारा पलंग.

अंथरुणाला खिळलेलं माणूस तासन्‌तास एकाच बाजूवर राहिलं की त्याची कातडी कुजते. त्याला दर दोन तासांनी वळवायचं, तर दोन माणसं लागतात, आणि ज्या घरात असं आजारपण येतं तिथे बहुतेक वेळा एकच माणूस उरलेलं असतं. या पलंगाचं हँडल फिरवलं की एक बाजू हळूहळू वर येते आणि झोपलेलं माणूस अलगद कुशीवर होतं. एकटी म्हातारीसुद्धा हे करू शकते. गाडीतून नेताना मात्र ती बाजू आपटू नये, म्हणून आत लाल पिन मारलेली असायची. पिन आत असली तर हँडल हलणारच नाही, भीमाने जरी ओढलं तरी.

पलंग पोचवायला धाकटा स्वतः जायचा. जोडायचा, पिन उपसायचा, घरातल्या माणसाच्या हातून दोनदा हँडल फिरवून घ्यायचा आणि पिन खिशात टाकून परत. म्हणून पलंगासोबतच्या पत्रकात पिनेविषयी एक अक्षर नव्हतं. गिऱ्हाइकाला ती कधी दिसायचीच नाही, मग लिहायचं कशाला? पत्रक धाकटीनेच लिहिलं होतं.

पहिला पलंग बनला तो सासूबाईंसाठी. पण तो बनेपर्यंत त्यांच्या माकडहाडाजवळ जखम झाली होती, आणि ती जखम धुवायचं काम धाकटीचं होतं. तो वास एकदा नाकात गेला की जात नाही. भाऊजी आणि धाकटा दाराबाहेर उभे राहून "झालं का?" विचारायचे. पुरुषमाणसं लोखंड वाकवतील, पण आईची जखम बघायची वेळ आली की पाय मागे. धाकटीने त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरलीही नाही.

सासूबाई पडल्या पडल्याही स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. टाचा गादीला घासू नयेत म्हणून टाचेखाली ठेवायची एक उशी त्यांनी सुचवली, धाकटीने शिवली, आणि दोघींनी मिळून ती इंटरनेटवरच्या एका मोठ्या दुकानात विकायला ठेवली. उशी इतकी चालली की तिच्या पानावर ताऱ्यांचा नुसता खच पडला. ऑर्डर आली की गिऱ्हाइकाला आपोआप जाणारा निरोपही सासूबाईंनीच सांगितला होता: "ऑर्डर मिळाली. आमचा शब्द पक्का." आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या पानावर आपोआप एक ठरलेली सवलतीची किंमत लागायची, कारण पेन्शनवाल्यांच्या हातात पैसा तेव्हा येतो, असं त्यांचं म्हणणं. तेही धाकटीने एकदाच लावून ठेवलं होतं.

सासूबाई गेल्या, मग उशी शिवायचं तिचं मनच होईना. आणि पलंगाच्या पानावर तर एकही तारा नव्हता. इंटरनेटवर तारा नसलेल्या वस्तूकडे कुत्रंसुद्धा बघत नाही. लोखंडवाल्याचे पैसे थकले, बँकेचा माणूस चहा न पिता जायला लागला. तेव्हा भाऊजींच्या डोक्यात कल्पना आली. "उशीचं पान मोकळंच आहे ना? नवीन पान कशाला? तिथलाच फोटो बदल, नाव बदल, किंमत बदल. तारे आयते मिळतील."

"लोकांनी तारे उशीला दिलेत, भाऊजी."

"आपल्यालाच दिलेत ना? मग?"

तिने फोटो बदलला, नाव बदललं, किंमत बदलली. एका पलंगाच्या पैशात शंभर उशा आल्या असत्या, तेव्हा किंमत तिने दोनदा तपासून बघितली. बरोबर होती. पहिल्या तारखेची सवलत मात्र तिच्या डोक्यातून साफ गेली.

पहिल्या तारखेला सकाळी तिचा फोन ओट्यावर थरथरत थरथरत पार कडेला आला. ऑर्डर, ऑर्डर, ऑर्डर. तिने जिन्यातूनच हाक मारली. भाऊजी धावत वर आले, आकडा बघितला आणि खुर्चीवर बसून चक्क डोळे पुसले. "आई पावली," म्हणाले. धाकटा दात घासत होता. त्याने तिच्या खांद्यावरून फोनमध्ये बघितलं, तोंडातला फेस बेसिनमध्ये टाकला आणि म्हणाला, "किंमत बघा."

पलंग उशीच्या भावात विकला जात होता. तोही सवलतीच्या.

कुणीतरी कुठल्याशा ग्रुपवर टाकलं होतं: चुकीचा भाव आहे, दुरुस्त व्हायच्या आत उचला. धाकटीने पान बंद करेपर्यंत दोनशेच्या वर ऑर्डरी पक्क्या झाल्या होत्या, आणि प्रत्येकाला सासूबाईंचा निरोप गेला होता, आमचा शब्द पक्का. मेलेल्या माणसाने दिलेला शब्द आता जिवंतांच्या मानेवर बसला.

भाऊजी शांतपणे म्हणाले, "हे सगळे पलंग द्यायचे झाले तर वर्कशॉप विकूनही पुरणार नाही. मशीन जातील, वरचं घर जाईल. मी कुठेही राहीन. तुमचं तुम्ही बघा." 'चूक तुझी' असं ते म्हणाले नाहीत. तशी गरजच नव्हती. कल्पना कुणाची होती हे त्या घरात पुन्हा कधी निघालं नाही, खापर फुटायचं तिथे फुटलं होतं. धाकटी दिवसभर ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या शाळेतला मित्र आला. तो वकील होता. त्याने चपला काढल्या, चहा घेतला आणि सासूबाईंचा निरोप वाचून कपाळावर हात मारला. "हे 'शब्द पक्का' कुणी लिहिलं? कवी आहे का घरात?" मग त्याने समजावून सांगितलं. चूक उघड असेल, म्हणजे गिऱ्हाइकाला ती कळली असेल किंवा कळायला हवी होती, तर विकणारा बांधला जात नाही. समोरच्याची चूक ओळखून जो हात मारतो, त्याला कायदा मदत करत नाही. पण एखादा म्हणाला, मला वाटलं सेल आहे, मी विश्वासाने घेतला, आणि अडूनच बसला, तर कोर्टाच्या पायऱ्या आल्या.

"म्हणून प्रत्येकाला फोन करायचा," वकील म्हणाला. "गोड बोलायचं. भांडायचं नाही. बोलता बोलता त्याच्याच तोंडून काढायचं, की किंमत चुकलेली आहे हे त्याला कळलं होतं. आणि ते रेकॉर्ड करायचं. एकदा तो बोलला की विषय संपला. पैसे परत, राम राम."

भाऊजींनी धाकटीकडे बघितलं. तिचा आवाज गोड होता. उशीचं गिऱ्हाईक तक्रार करायला फोन करायचं आणि आणखी दोन उशा सांगून ठेवायचं, अशी तिची ख्याती. "तूच कर," ते म्हणाले. "निस्तरायचं तर तूच निस्तर."

ती बसली. फोनवर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका, पुढ्यात पाण्याचा तांब्या. "नमस्कार, पलंगाबद्दल फोन केला होता. किंमत बघून तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल ना?" इतकं साधं वाक्य. आणि लोक हसायचे. "अहो, आश्चर्य? आम्हाला वाटलं कुणीतरी झोपेत टाइप केलंय!" झालं. विषय संपला. एकाला पलंग नकोच होता, त्याला नळ्या भंगारात विकायच्या होत्या, आणि हे तोच खुशाल सांगत होता. असल्या लोकांचे पैसे परत करताना तिला वाईट वाटत नव्हतं. उलट दुपारपर्यंत ती तरबेज झाली. मधाचं बोट लावायचं आणि मान पकडायची. भाऊजी खालून येऊन विचारायचे, "किती झाले?" आणि तिच्यासाठी चहा ठेवून जायचे. लग्न होऊन आल्यापासून भाऊजींनी तिला केलेला तो पहिला चहा.

मग शिंप्याचा नंबर आला.

"हो ताई, कळलं होतं मला," तो म्हणाला. मागे शिलाई मशीन चालू होतं, ते त्याने थांबवलं. "मी खरं तर उशी घ्यायला आलो होतो. तुमचीच उशी आहे आमच्याकडे, बायकोच्या टाचेखाली. जुनी झाली, वाटलं दुसरी घ्यावी. तर तिथे पलंग निघाला, उशीच्या भावात. कोण देतं एवढ्यात पलंग? चुकलंय कुणाचंतरी, हे लगेच लक्षात आलं."

"तरी घेतलात?"

"घेतला. म्हटलं, आयुष्यभर चुका आपल्या विरुद्ध झाल्या. एखादी आपल्या बाजूने झाली तर होऊ दे."

वकिलाला हवं होतं ते सगळं आलं होतं. तिथेच थांबायचं. पण तिच्या तोंडून निघून गेलं, "त्या कुठल्या कुशीवर असतात?"

"हे कुणी विचारत नाही," तो म्हणाला. "डावी आता नाहीच, खुब्याला लागतं. उजवीवर दोन तास, मग जरा तिरकं करतो. पाठीवर ठेवतच नाही, माकडहाडाशी सुरुवात झालीये. मशीनवर बसतो तेव्हा घड्याळाचा गजर लावून ठेवतो. उचलताना माझी पाठ आता साथ देत नाही, म्हणून पलंग घ्यावा म्हटलं." मग संकोचून त्याने विचारलं, "तर मग येईल का पलंग?"

"कळवते हं काका," धाकटी म्हणाली, आणि रेकॉर्डिंग बंद केलं.

ती खाली गेली. धाकटा वेल्डिंग करत होता, भाऊजी नळ्या मोजत होते. "भाऊजी, हा एक खरा आहे. घरात बाई पडून आहे. याला देऊ एक."

"कबूल केलं त्याने?"

"केलं. म्हणूनच तर सांगतेय, बाकीचे..."

"मग कशाला? कबूल केलं तर सुटलो. एकाला दिला की उद्या शंभर जण विचारतील, याला का आणि आम्हाला का नाही." भाऊजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी नळी खाली ठेवली. "मलाही कळतं गं. पण आपला हात दगडाखाली आहे. आज दया दाखवली तर उद्या आपल्यावर दया करायला कुणी येणार नाही."

धाकट्याने तोंडावरची काच वर केली, दोघांकडे बघितलं आणि पुन्हा खाली घेतली. धाकटी आणखी एक वाक्य बोलू शकली असती. पूर्ण किंमत हप्त्याने घेऊ, जुना तरी पलंग देऊ, काहीतरी. पण त्या घरात तिची जागा आधीच पाटाच्या काठावर होती. ती वर गेली आणि शिंप्याला पैसे परत केल्याचा निरोप पाठवला. त्याचं उत्तर आलं: "मिळाले. कळवल्याबद्दल आभार."

अडून बसले ते मोजकेच. त्यातला खमक्या तो, ज्याने एकदम सहा पलंग उचलले होते. भाऊजींनी त्याचं नावच 'सहा पलंगवाला' ठेवलं होतं. "मला वाटलं सेल आहे," एवढं एकच वाक्य तो तीन वेळा बोलला, शाळेत पाठ केल्यासारखं. धाकटीने त्यालाही विचारलं, पेशंट कुठल्या कुशीवर असतो? "आई ना? आई सरळच झोपते," तो म्हणाला. "आणि मॅडम, तुम्ही रेकॉर्ड करताय हे मला कळतंय. मीही करतोय." शेवटी वकिलाने मध्ये पडून तडजोड केली. सहाच्या ऐवजी दोन पलंग, आणि कोर्टाचं नाव काढायचं नाही.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," धाकटा म्हणाला. तेवढंच.

सहा पलंगवाला स्वतःचा टेम्पो घेऊन आला. पलंग चढवताना धाकटा म्हणाला, "दादा, पिना? मी मागून जाऊन जोडून देतो."

"फुकट्याला कसलं फिटिंग?" भाऊजी हसले. "असू दे पिना आत. बसू दे हँडलला लोंबकळत. आई सरळच झोपते ना त्याची?"

आणि धाकटी हसली. जिन्यात उभी राहून, पदर तोंडाला लावून, इतक्या दिवसांनी पोट धरून हसली. पत्रकावर पेनाने एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? तिच्या मनात आलंसुद्धा होतं. पण त्या माणसाचा माज आठवला आणि तिला वाटलं, बसू दे बोंबलत. टेम्पो गेला. दोन पिना घरी आल्या नाहीत.

वर्कशॉप वाचलं. बँकेचा माणूस पुन्हा चहा प्यायला लागला. पलंगाला स्वतःचं पान मिळालं, तिथे हळूहळू तारे आले, आणि भाऊजी धाकटीशी पूर्वीपेक्षा नीट बोलायला लागले. चार-पाच महिने गेले असतील.

एका दुपारी फोन आला. "तुम्ही जुना पलंग परत घेता का हो? पलंगाच्या पायावर तुमचा नंबर आहे." आवाज तिने पहिल्या शब्दालाच ओळखला.

"काका, तुम्ही शिवणकाम करता ना?"

"करायचो." तोही ओळखल्यासारखा थांबला. "तुम्ही त्या ताई. बरं झालं फोन तुम्हीच उचललात. एका माणसाकडे असे दोन होते, त्यातला एक घेतला, नवाकोरा म्हणून. तसा नवाच आहे, पण एका चाकाचा आवाज येतो, हे आधीच सांगून ठेवतो. आता आम्हाला गरज नाही."

"कधी...?"

"मागच्या आठवड्यात." आणि मग, जणू तिलाच अवघड वाटू नये म्हणून, "किंमत तुम्ही लावाल ती."

भाऊजी म्हणाले, आपण जुना माल घेत नाही. "मी विचारत नाहीये भाऊजी, सांगतेय," धाकटी म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली. धाकटा निमूटपणे चावी घेऊन आला.

वाटेत तिने विचारलं, "पिन काढली असेल ना त्यांनी?"

"कुणीही काढेल. समोर दिसते."

"दिसते?"

"खाली वाकलं की दिसते," धाकटा म्हणाला, आणि त्याने गाडीचा वेग वाढवला.

शिंप्याचं घर म्हणजे एक मागची खोली. कापड कापायचं लांब टेबल, त्यावर खडूच्या पुसट रेघा. खिडकीजवळ फरशीवर चार गोल डाग होते, तिथे कित्येक वर्षं मशीन उभं असावं. आता तिथे काही नव्हतं. पलंगाचे पैसे कुठून आले हे विचारावं लागलं नाही. पलंग भिंतीला लागून, चादर काढलेली, गादीच्या मधोमध धुऊनही न गेलेला डाग. पायथ्याशी ती टाचेखालची उशी. तिला त्याने नवीन अभ्रा शिवला होता, टाके इतके बारीक की धाकटीला आपल्या शिवणीची लाज वाटली. आणि तो वास. खिडकी उघडी होती, फिनेल मारलं होतं, तरी तिच्या नाकाने तो ओळखला.

"बसा, चहा टाकतो," म्हणून शिंपी आत गेला.

धाकट्याने पलंग सोडवायला सुरुवात केली. त्याचा हात सवयीने खाली गेला, जसा प्रत्येक घरात जायचा. तिथेच थांबला. त्याने वर धाकटीकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडावरचा उडालेला रंग बघून तिला कळलं. आता खरं तर त्याने तसाच पलंग उचलून गाडीत टाकायला हवा होता. पण हाताला जे ठाऊक असतं ते हात करून जातो. त्याने पिन उपसली आणि हँडल फिरवलं. पलंगाची डावी बाजू हळूहळू, जराही न कुरकुरता, वर आली. रिकामी गादी उजव्या कुशीवर झाली.

दारात शिंपी कप घेऊन उभा होता.

"हा फिरतो?" त्याने विचारलं.

धाकट्याने हँडल सोडलं. "जरा अडकला होता, काका. गंज धरतो कधी कधी..."

"त्या माणसाला मी फोन केला होता," शिंपी म्हणाला. "हँडल फिरत नाही म्हटलं. तो म्हणाला, पीस असाच आहे. तुम्हाला विचारणार होतो. नंबर काढलाही होता. पण वाटलं, तुम्ही म्हणाल, आमच्याकडून घेतलेलाच नाही, आम्ही काय करणार? आणि तुमचंही बरोबरच होतं." त्याने कप टेबलावर ठेवले. "मग मी पूर्वीसारखा हाताने वळवत राहिलो. नंतर नंतर पाठ धरली, तेव्हा नाही जमलं. जखम हाडापर्यंत गेली." तो पलंगाकडे बघत होता. "बिघडलेला होता का हो?"

आता बघा, हो म्हणायला काय जात होतं? बिघडलेला होता, सहा पलंगवाल्याने बिघडवला, गंज धरला. म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटलं असतं, आणि घरही सुरक्षित. धाकट्याचे डोळे तिला हेच सांगत होते. पण तिला एकदम आठवलं, त्या दिवशी या माणसालाही एक साधा प्रश्न विचारला होता, आणि त्याने फिरवून उत्तर दिलं नव्हतं.

"काका, तुमचा फोन द्या," ती म्हणाली. "यात आवाज रेकॉर्ड होतो. मी लावते. मी बोलेन ते तुमच्याजवळ राहू द्या, वकिलाला दाखवा, कुणालाही दाखवा."

"अगं," धाकटा म्हणाला.

तिने फोन टेबलावर खडूच्या रेघांमध्ये ठेवला, लाल ठिपका लागलेला बघितला, आणि बोलायला लागली. आवाज गोड नव्हता. "मी पलंगवाल्यांची धाकटी सून. पलंग बिघडलेला नव्हता. यात एक पिन असते, ती काढल्याशिवाय तो फिरत नाही. ती काढायला आमचा माणूस घरी जातो. या पलंगासाठी आम्ही गेलो नाही. मुद्दाम गेलो नाही, घेणाऱ्यावर राग होता म्हणून. पत्रकात पिनेचं लिहिलेलं नाही, पत्रक माझ्या हातचं आहे. पिन आत आहे हे मला माहीत होतं. तेव्हा मी हसले होते." तिला रडू फुटलं, पण ती थांबली नाही. "यांनी आमच्याकडे पलंग मागितला होता. यांनी खरं सांगितलं, म्हणून आम्ही दिला नाही. खोटं बोलला त्याला दिला."

शिंप्याने धाकट्याच्या हातातून पिन घेतली आणि स्टुलावर बसला. बोटांत ती फिरवून बघत राहिला, सुई वाकलीये का बघावं तशी.

"रोज दिसायची ही मला," तो म्हणाला. "खाली झाडायला वाकलो की दिसायची. लाल रंग होता, वाटलं हात लावू नये."

"काका, तुमची काही चूक नाही यात."

"नाही कशी, ताई? जन्म मशीनवर गेला. मशीन अडलं तर जोर लावू नका, आधी काय अडकलंय ते बघा, हे मीच सगळ्यांना सांगायचो." त्याचा आवाज अगदी साधा होता, उशीबद्दल बोलताना होता तसा. "मला कळायला हवं होतं."

धाकटीने फोन बंद करायला हात पुढे केला, पण तोवर त्याचं हे वाक्यही त्यात गेलं होतं. तिने हात मागे घेतला, आणि रेकॉर्डिंग चालूच राहिलं.